गरम झऱ्यांतील सूक्ष्म जीव आणि कंपोस्टचा ढीग

पौष महिन्यात निफाड तालुक्यातील पहाट फार बोचरी असते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सियसच्याही खाली उतरल्याची नोंद अनेक वर्षी झालेली आहे. अशा पहाटे द्राक्षबागायतदार बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून घडांचे रक्षण करीत असतो. आणि त्याच बागेच्या बांधावर रचलेल्या कंपोस्टच्या ढिगातून, कोणी काडी न लावताच, वाफ वर येत असते. ढिगात लोखंडी पहार खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढली तर तिचे टोक हाती धरवत नाही. बाहेर ५ अंश, आणि ढिगाच्या पोटात ६० अंश! "भाऊसाहेब, आत इंगळ तर राहिला नाही ना?" असे एखादा वयस्क शेतकरी ग्रामपंचायतीच्या कार्यकर्त्याला विचारतो, तेव्हा त्यात नवल काही नाही. "नाही अण्णा, ही जिवाणूंची ऊब आहे," हे उत्तर खरे असले, तरी तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. इतक्या उष्णतेत जीव जगतातच कसे, आणि ढीग थंड झाल्यावर ते जातात कोठे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना प्रथम मिळाले ते खताच्या ढिगात नव्हे, तर गरम पाण्याच्या झऱ्यांत. म्हणून आधी झऱ्यांकडे वळावे लागेल.

आपल्या राज्यातील उन्हाळी

नाशिक जिल्ह्यात नावाजलेला असा गरम पाण्याचा झरा नाही. परंतु जिल्ह्याच्या सभोवती ते पुष्कळ आहेत. कसारा घाट उतरून गेल्यास ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडे लागतात. उत्तरेस खानदेशात, चोपडा तालुक्यातील अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. मराठवाड्यात किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वर आहे. कोकणात तर पालघरपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची एक ओळच आहे, व त्यांतील पाणी कोठे नुसते कोमट, तर कोठे ७० अंशांच्या आसपास असते. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव, उनकेश्वर ही नावे पाहिली म्हणजे आपल्या पूर्वजांनी पाण्याचा हा गुण गावाच्या नावातच कसा नोंदवून ठेवला आहे ते दिसून येते.

ज्वालामुखी जवळ असल्याखेरीज पाणी तापत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या राज्यात तसे काही नाही. पावसाचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोलवर झिरपते. जमिनीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढत जाते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेवाटे वर येते, तोच आपला झरा.

अशा पाण्यात काही जगत असेल, असे फार काळ कोणास वाटत नव्हते. कोंबडीच्या अंड्यातील पांढरा बलक ६० ते ६५ अंशांच्या सुमारास गोठू लागतो. सजीवांच्या पेशीतील प्रथिनेही त्याच जातीची. मग त्यांची गत निराळी कशी व्हावी? १९६६ साली अमेरिकेतील टॉमस ब्रॉक हे शास्त्रज्ञ व हडसन फ्रीझ हा त्यांचा विद्यार्थी यांनी यलोस्टोन येथील एका झऱ्यातून एक जिवाणू मिळविला. तो ७० अंशांच्या उष्णतेत उत्तम वाढतो. त्याला त्यांनी 'थर्मस ॲक्वाटिकस' असे नाव दिले व १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे याच जिवाणूतील उष्णतेला न डगमगणारे एक विकर प्रयोगशाळांतून कामी आले. केळीच्या रोपात विषाणू आहे किंवा नाही हे पाहण्याची पीसीआर चाचणी, किंवा २०२० च्या साथीत घरोघरी माहीत झालेली नाकातोंडातील स्रावाची चाचणी, यांची पद्धत त्या विकरावरच उभी राहिली.

त्यानंतर जगभर शोध झाले. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे निळे-हिरवे शेवाळ सुमारे ७३ अंशांपर्यंत तग धरते. त्यापुढे प्रकाशावर जगणारे कोणी आढळत नाही. केवळ रासायनिक द्रव्यांवर जगणारे जीव त्याच्याही पलीकडे जातात. समुद्राच्या तळाशी असलेल्या गरम झोतांतील एका सूक्ष्म जीवाची वाढ १२२ अंशांवर झाल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी उनकेश्वरच्या झऱ्यातील एकंदर जिवाणूंच्या आनुवंशिक द्रव्याचे वाचन केले व २०१६ साली ते प्रसिद्ध झाले. या पद्धतीत एकेक जिवाणू वेगळा वाढविण्याची गरज नसते. झऱ्याच्या नमुन्यात जे जे आहेत त्या सर्वांची एकदम शिरगणती होते. अशा शिरगणतीतून सर्वत्र एकच गोष्ट पुढे येते. झऱ्यात एकटादुकटा शूर जीव राहत नसून नाना जातींची एक वस्ती नांदत असते.

बदल येतो तेव्हा वस्ती काय करते?

झऱ्याचे पाणी बारमाही गरम असते हे खरे. पण म्हणून तेथील जीवन एकसारखे असते असे नाही. तानसेला पूर आला की पात्रालगतच्या कुंडांत गार व गढूळ पाणी शिरते. उन्हाळ्यात पाणी कमी होऊन कडा उघड्या पडतात व कोरड्या होतात. झऱ्याच्या मुखाशी एक उष्णता, चार हातांवर दुसरी, आणि ओहोळ जेथे नदीला मिळतो तेथे तिसरीच. दिवसा ऊन व रात्री काळोख. या सर्व फेरफारांत वस्ती टिकते याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत, कारण तीच कारणे शेतात लागू पडतात.

पहिले कारण असे की एकाच जातीचे दिसणारे जीवही अंतर्यामी एकसारखे नसतात. यलोस्टोनच्या झऱ्यांतील हिरव्या शेवाळाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. परंतु तपासणी केली असता कोणी ५५ अंशांना, कोणी ६० ला, कोणी ७० ला रुळलेला आहे, असे निघाले. आपल्याकडे गहू म्हटला तरी त्यात बागायती वेगळा, जिरायती वेगळा, लवकर पेरायचा वेगळा व उशिरा पेरायचा वेगळा, तसाच हा प्रकार. पाण्याची उष्णता दोन-चार अंशांनी हलली की एका वाणाचे क्षेत्र घटते व शेजारच्या वाणाचे वाढते. हिरवा पट्टा थोडा वरखाली सरकतो, पण नाहीसा होत नाही.

दुसरे कारण कामाच्या वाटणीचे. या थराची जाडी बोटाच्या पेराएवढीही नसते, पण त्यात मजले असतात. अगदी वरच्या मिलिमीटरभरात शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करते. त्याखाली नारिंगी रंगाचे तंतुमय जिवाणू त्याने टाकलेल्यावर जगतात. त्याच्याही खाली मेलेल्यांना कुजविणारे असतात. रात्र पडली, की प्रकाशाबरोबर प्राणवायूही संपतो आणि थराचे आतील हवामान काही मिनिटांत पालटते. मग जे शेवाळ दिवसा हवेतील कर्ब पकडीत होते, तेच रात्री हवेतील नत्र पकडू लागते. नत्र पकडणाऱ्या विकराला प्राणवायू चालत नाही, म्हणून ही रात्रपाळी. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत जे काम निराळ्या उपायाने साधले आहे, ते येथे वेळ वाटून घेऊन साधले आहे.

तिसरे कारण प्रत्येक पेशीच्या अंगचे. सवयीपेक्षा थोडी अधिक उष्णता लागली की पेशी तत्काळ काही संरक्षक प्रथिने तयार करते. ही प्रथिने इतर प्रथिनांची विस्कटलेली घडी पुन्हा बसवितात. हा उपाय थोड्या वेळापुरता व थोड्या अंशांपुरता आहे.

चौथे कारण मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे होय, आणि ते म्हणजे झोपी गेलेल्यांचा साठा. बॅसिलस व त्याच्या नात्यातील जिवाणू दिवस वाईट आले की बीजाणू तयार करतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात बंद झालेली, आतील पाणी जवळजवळ काढून टाकलेली पेशी. ती खात नाही, वाढत नाही, पण मरतही नाही. कोरड्या जागी ती वर्षानुवर्षे पडून राहू शकते. काही जातींचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. दवाखान्यांत शस्त्रे निर्जंतुक करण्याच्या यंत्राची परीक्षा घ्यावयाची झाल्यास अशाच एका उष्णताप्रिय जिवाणूचे बीजाणू आत ठेवतात. १२१ अंशांच्या वाफेत ते मेले तरच यंत्र बरोबर चालते असे समजतात. याच जातीचे बीजाणू थंड प्रदेशातील साध्या शेतमातीतही सापडतात. तेथे त्यांना वाढण्याजोगी ऊब क्वचितच मिळते. तरी वाऱ्याबरोबर येऊन ते मातीत वाट पाहत पडलेले असतात.

एवढे सर्व असले तरी वस्तीला धक्का बसत नाही असे समजू नये. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात यलोस्टोनच्या झऱ्यातील थराचा वरचा ३ मिलिमीटरचा भाग, म्हणजे हिरवे शेवाळ सगळेच्या सगळे, खरवडून काढण्यात आले व पुढे काय होते ते पाहिले गेले. हिरवेपणा परत आला. पण ज्या जाती पूर्वी तेथे नव्हत्या त्यांपैकी काहींनी मोकळ्या जागेत ठाण मांडले, आणि पूर्वीच्या काही जाती ४० दिवसांपर्यंत परतल्याच नाहीत. वरून पाहणाऱ्यास थर पहिल्यासारखाच वाटावा, पण कुळे बदललेली होती. जागा मोकळी झाल्यावर प्रथम कोण येतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता खताच्या ढिगाकडे परत यावे.

ढीग म्हणजे घरचा गरम झरा

हे नुसते उपमेखातर म्हटलेले नाही. थर्मस जातीचे जिवाणू झऱ्यांतच असतात अशी समजूत असताना १९९६ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांना ते ६० ते ८० अंश तापलेल्या कंपोस्टच्या ढिगांत विपुल आढळले. झऱ्यात उष्णता जमिनीच्या पोटातून येते. ढिगात ती जिवाणू स्वतःच निर्माण करतात, एवढाच काय तो फरक.

कंपोस्टची शास्त्रीय पद्धत आपल्या भागाला परकी नाही. इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण व मूत्रमिश्रित माती यांवर प्रयोग करून 'इंदूर पद्धत' बसविली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. खड्डा ३ फुटांहून खोल नको, पहिली चाळणी सुमारे पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी, आणि तीन महिन्यांत खत तयार, हे तिचे सार. त्या काळी शिरगणतीची आजची साधने नव्हती. तरी हवा, ओल व चाळणी यांवर त्यांनी दिलेला भर आज अक्षरशः बरोबर ठरला आहे.

ढीग रचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत साध्या उबेचे जिवाणू कामाला लागतात. साखर व पिठूळ पदार्थ ते झपाट्याने खातात, आणि त्यांच्याच श्वसनाने ढीग ४० ते ४५ अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता त्यांना स्वतःलाच सोसत नाही. ते मागे हटतात, आणि शेणामातीतून आलेले उष्णताप्रिय जिवाणूंचे बीजाणू जागे होतात. तीन-चार दिवसांत ढीग ५५ ते ६५ अंशांवर जातो. या टप्प्यात बुरशी फार टिकत नाही. ६० अंशांच्या पुढे तिचे कार्य थांबते. पुढे सोपे अन्न संपले की ढीग निवू लागतो. मग कडेला दबून राहिलेल्या बुरश्या व पांढुरके ॲक्टिनोमायसीट आत शिरून काष्ठमय भागाला भिडतात. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा जो वास येतो तो याच ॲक्टिनोमायसीटांचा. गांडुळे सोडावयाची ती या निवलेल्या अवस्थेत. तापलेल्या ढिगात सोडलेली गांडुळे मरतात, आणि मग दोष गांडुळांच्या वाणाला दिला जातो!

नाशिक जिल्ह्यात या कामासाठी कच्च्या मालाची वाण नाही. एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन्ही वेळी एकरी ढिगाने काड्या निघतात. लासलगाव, पिंपळगाव, येवला, सटाणा या कांद्याच्या भागात चाळीतून सडका कांदा व पात निघते. या दोहोंचे आज काय होते? काड्या बांधावर पेटविल्या जातात व सडका कांदा रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकला जातो. थंडीच्या लाटेत घड वाचविण्यासाठी दोन-चार रात्री काड्या जाळाव्या लागल्या तर त्यास नाव ठेवता येणार नाही. पण एप्रिलच्या भर उन्हात त्या जाळण्याचे कारण केवळ सवय हे आहे. आगीखालच्या वरच्या मातीत उष्णता बीजाणूंच्या सहनशक्तीपलीकडे जाते. गरम झऱ्यातला जीव पाण्यातील उष्णतेला सरावलेला असतो, आगीला नव्हे.

द्राक्षाच्या काड्या एकट्या रचल्या तर वर्षभरही कुजत नाहीत, कारण त्यांत कर्ब फार व नत्र थोडा. सडका कांदा एकटा टाकला तर त्याचे पाणी होऊन घाण सुटते, कारण त्यात पाणी फार व हवा शिरावयास जागा नाही. दोन्ही एकत्र आले की एकाचा दोष दुसऱ्याने भरून निघतो. काड्यांचे यंत्राने बोटभर तुकडे करावेत; त्यांवर कांद्याचा कचरा, त्यावर शेणकाला, व वर पातळसा मातीचा थर, अशी रचना करीत ढीग कमरेच्या थोडा वर, ४ ते ५ फूट उंच न्यावा. एकंदर मिश्रणात नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असावा असे शास्त्र सांगते. शेतावर हे मोजता येत नाही, पण हिरवा-ओला माल व सुका-काष्ठमय माल यांचा मेळ साधला की प्रमाण पुष्कळसे जमते. मूठभर माल घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण धार लागू नये. जुन्या चांगल्या खताच्या चार पाट्या मधून विस्कटून टाकल्यास विरजणाचे काम होते. बाजारातील संवर्धक वापरण्यास हरकत नाही. मात्र ज्याच्या घरी विरजण आहे त्याने ते विकत आणलेच पाहिजे असे नाही.

ढीग फार लहान केला तर निफाडच्या थंडीत त्याची ऊब टिकत नाही. फार मोठा केला तर आत हवा पोचत नाही. ७० अंशांच्या पुढे उष्णता गेली तर कुजविणारेच मरू लागतात व काम मंदावते. पहार हे शेतकऱ्याचे उष्णतामापक यंत्र होय. टोक हाती धरवत नसेल तर ढीग चांगला तापला आहे. टोक कोमट लागले व माल कोरडा दिसला तर पाणी द्यावे. कोमट लागून आंबूस वास आला तर ढीग चाळून हवा द्यावी.

चाळणीचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे. ढिगाच्या पोटात ६० अंश असतात तेव्हा कडेला ३० सुद्धा नसतात. तण, रोग व कीड कडेलाच दडून बसतात. मानवी व वनस्पतींचे बहुतेक रोगजंतू मारण्यासाठी ५५ अंशांची उष्णता निदान तीन दिवस सलग लागते. उघड्यावर रचलेल्या लांबट ढिगांसाठी अमेरिकेतील नियम याहून कडक आहे: ५५ अंशांवर १५ दिवस आणि तेवढ्या अवधीत पाच चाळण्या. पाच चाळण्या सर्वांना जमणार नाहीत. परंतु कडेचा माल मध्ये व मधला कडेला अशा निदान दोन-तीन चाळण्या झाल्याशिवाय सडक्या कांद्यावरील बुरशी, काड्यांवरील करपा आणि गाजरगवताचे बी यांना उष्णता लागलीच असे म्हणता येत नाही. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या बागेत व उसात जाऊ शकतात, हा अनुभव पुष्कळांनी महाग मोल देऊन घेतला आहे. ते खत बाहेरून काळे दिसत होते, पण त्याच्या पोटातून उष्णता एकदाही गेलेली नव्हती.

तापलेली जमीन व पहिला पाऊस

चैत्र-वैशाखात मालेगाव, येवला, नांदगाव या बाजूस पारा ४० अंशांवर असतो, आणि उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांपर्यंतही तापतो. म्हणजे त्या वेळी शेताच्या वरच्या दोन बोटांत उनकेश्वरच असते म्हणावयाचे, फक्त पाण्यावाचून! वितीभर खाली मात्र जमीन पुष्कळ थंड असते. वरचे जीव मरतात किंवा बीजाणू होऊन राहतात, खालचे टिकतात, व दोघे मिळून पुढच्या पावसात वस्ती पुन्हा उभी करतात. जमिनीवर उसाचे पाचट किंवा काड्यांचा भुगा पसरलेला असेल तर हा नाश पुष्कळ कमी होतो.

या उष्णतेचा मुद्दाम उपयोगही करून घेता येतो. इस्राएलमधील याकोव्ह काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले, की ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीने बुजविल्या तर नुसत्या उन्हाने जमिनीतील रोगकारक बुरशी मरते. खरीप कांद्याच्या रोपवाटिकेसाठी ही पद्धत आपल्याकडे सोयीची आहे. एप्रिल-मेमध्ये वाफे तयार करून भरपूर पाणी द्यावे व पारदर्शक पातळ कागद चार ते सहा आठवडे ताणून ठेवावा. काळा कागद नको. त्याखाली माती तितकी तापत नाही. ओल का हवी? कोरड्या अवस्थेत बीजाणू व तणबिया उष्णता सोसतात, ओल्या अवस्थेत त्या जाग्या असतात व लवकर मरतात. बॅसिलससारखे उपयोगी जिवाणू बहुधा यातून वाचतात.

कागद काढल्यावरची वेळ महत्त्वाची. थर खरवडलेल्या झऱ्याप्रमाणे ही जमीन आता मोकळी झालेली असते व पहिला येणारा तिचा धनी होणार असतो. शेजारच्या रोगट शेतातील अवजारे किंवा पाटाचे गढूळ पाणी प्रथम आले तर रोगच प्रथम येईल. म्हणून कागद काढताच पूर्ण कुजलेल्या कंपोस्टात वाढविलेली ट्रायकोडर्मा बुरशी वाफ्यात मिसळावी, माती खोल उलथू नये, आणि लगेच बी टाकावे.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीत जी जाग येते तिच्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. १९५८ साली पूर्व आफ्रिकेतील बर्च या शास्त्रज्ञाने असे दाखविले, की वाळलेली माती भिजताच काही दिवस तिच्यातील कुजण्याची क्रिया एकाएकी वाढते व पिकाला घेता येण्याजोगा नत्र मोकळा होतो. उन्हात मेलेल्या सूक्ष्म जीवांचे देहच या वेळी जागे झालेल्यांचे अन्न होतात. वाफसा येताच झालेल्या पेरणीला हा नत्र मिळतो. पेर लांबली तर त्यातील बराच पुढील पावसाच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातो.

याच पेरणीच्या घाईत एक चूक नेहमी होते. सोयाबीन, मूग, उडीद यांच्या बियाण्यास लावावयाचे रायझोबियमचे पाकीट दुकानातून आणून पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवले जाते. रायझोबियम बीजाणू तयार करीत नाही. त्याला झोपी जाण्याची विद्या नाही, व ४० अंशांच्या पुढे ते झपाट्याने मरते. स्फुरद विरघळविणाऱ्या संवर्धकात बॅसिलस असेल तर तो अशी हयगय पुष्कळ सोसतो. रायझोबियम सोसत नाही. पाकीट पांढरेकाळे कसेही दिसो, आतील जिवाणू मेले आहेत हे वरून कळत नाही. गाठी न आलेले पीक पाहूनच ते कळते, आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो. म्हणून पाकीट घेताना वापरण्याची अखेरची तारीख पाहावी, ते माठाशेजारी गार जागी ठेवावे, बियाण्यास सकाळी सावलीत चोळावे, सावलीतच सुकवावे व त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी लावून, बी सुकल्यावर संवर्धक शेवटी चोळावे.